छोटं, परवडणारं मल्टी-इफेक्ट्स पेडल घेताना: इफेक्टची संख्या सोडा, जॅक आणि स्विच बघा

मल्टी-इफेक्ट्स पेडल म्हणजे गिटार किंवा बासचा आवाज बदलणारे अनेक इफेक्ट एकत्र देणारं पायाखालचं यंत्र. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती इफेक्टची संख्या. साठ, शंभर, दीडशे. निवड करताना सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच. ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टचे, पंधरा प्रकार दिलेले असले तरी महिन्याभरात त्यातले दोन हाताशी राहतात आणि बाकीचे पुन्हा उघडले जात नाहीत. पेडल उपयोगी पडणार की कपाटात जाणार, हे ठरतं ते तीन साध्या प्रश्नांवर. आवाज शेवटी कशातून बाहेर पडणार आहे? गाणं चालू असताना पायाला काय काय करावं लागणार आहे? आणि तुमची सगळ्यात लांब साखळी, म्हणजे एकामागून एक लावलेले इफेक्ट, एका वेळी त्यात मावते का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

आवाज कुठे जाणार

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर सोडतच नाही. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे वरच्या पट्टीतले टोकदार स्वर तो आपोआप गाळतो. मिक्सर, पीए (सभागृहाची ध्वनिव्यवस्था), हेडफोन किंवा कॉम्प्युटरचे स्पीकर हे गाळण्याचं काम करत नाहीत. म्हणून तेच पेडल थेट मिक्सरला लावलं की डिस्टॉर्शन चिरकं, कानाला टोचणारं लागतं आणि दोष पेडलला दिला जातो. यावरचा उपाय म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन: स्पीकर, त्याची पेटी आणि समोरचा माइक या तिघांचा मिळून होणारा परिणाम पेडलमध्येच घडवणं.

उलटी चूकही तितकीच होते. पेडलमध्ये ॲम्प मॉडेल (खऱ्या ॲम्पची डिजिटल नक्कल) आणि कॅबिनेट दोन्ही चालू, आणि केबल लावलेली खऱ्या ॲम्पच्या पुढच्या इनपुटला. म्हणजे एका ॲम्पमागे दुसरा ॲम्प आणि एका स्पीकरमागे दुसरा स्पीकर. आवाज दबलेला, गढूळ येतो, आणि ट्रेबल कितीही वाढवला तरी उघडत नाही. ॲम्पच्या पुढच्या इनपुटला लावताना ॲम्प मॉडेल आणि कॅबिनेट बंद ठेवून फक्त ड्राइव्ह, मॉड्युलेशन, डीले, रिव्हर्ब वापरावेत. ॲम्पला मागे इफेक्ट लूप, म्हणजे इफेक्ट मध्ये जोडण्याचे सेंड-रिटर्न जॅक, असेल तर त्याच्या रिटर्नमध्ये लावावं. तिथे ॲम्पचा प्रीॲम्प, म्हणजे स्वर घडवणारा पहिला भाग, बाजूला राहतो, म्हणून पेडलमधलं ॲम्प मॉडेल चालू ठेवता येतं, कॅबिनेट मात्र बंदच.

तेव्हा घेण्याआधी बघायचं ते हे: सगळ्या पॅचना, म्हणजे साठवून ठेवलेल्या आवाजांना, एकदम लागू होणारी आउटपुटची सेटिंग आहे का? बॉसच्या जीटी-१ मध्ये ती ‘आउटपुट सिलेक्ट’ या नावाने आहे. समोर कॉम्बो ॲम्प आहे, रिटर्न आहे की लाइन-हेडफोन, हे एकदा सांगितलं की काम झालं. अशी सेटिंग नसेल तर घरी हेडफोनवर बनवलेला प्रत्येक पॅच तालमीला गेल्यावर हाताने बदलावा लागतो. पन्नास पॅच असतील तर हे नकोसं होतं. त्यातल्या त्यात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक आवाजाच्या दोन प्रती ठेवणं, एक कॅबिनेटसह आणि एक कॅबिनेटशिवाय.

बाहेरून आयआर, म्हणजे खऱ्या कॅबिनेटची नमुना फाइल, घालता येत असेल तर उत्तम. मिक्सरवरच वाजवणाऱ्याला मी ॲम्प मॉडेलच्या संख्येपेक्षा ही सोय जास्त महत्त्वाची मानतो, कारण चांगला आयआर मिळाला की साधं ॲम्प मॉडेलही भरदार वाटतं. आयआर किती लांबीचा चालतो तेही विचारा. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ नमुने म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. गिटारला एवढं पुरतं. बासला २०४८ असेल तर खालचा भाग जास्त नीट येतो.

जॅकही मोजून घ्या. झूमच्या जी१ फोरला एकच आउटपुट आहे, तेच हेडफोनचंही, आणि ते मोठं ६.३ मिलिमीटरचं. म्हणजे नेहमीच्या हेडफोनला स्टिरिओ कन्व्हर्टर लागतो, आणि ॲम्पला जोडलेलं असताना वेगळा हेडफोन लावता येत नाही. जीटी-१ ला डावं-उजवं अशी दोन आउटपुट आणि हेडफोनचा वेगळा लहान जॅक आहे. रात्री घरात सराव आणि आठवड्यातून एकदा तालीम असा क्रम असेल तर हा फरक रोज जाणवतो. मोबाइलवरून गाणं सोडायला ऑक्स इनपुट आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पेडलमध्ये ब्लूटूथ असेल तर ते बहुतेक वेळा फोनवरचं गाणं आत घ्यायला आणि ॲपवरून सेटिंग करायला असतं. वाजवलेलं ऐकायला साधे ब्लूटूथ हेडफोन चालत नाहीत. त्यांत आवाज इतका उशिरा येतो, बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांहून जास्त, की लय धरताच येत नाही. वाजवताना वायरचाच हेडफोन.

पायाला काय करावं लागणार

छोट्या पेडलवर जागा कमी, म्हणून स्विच कमी. झूमच्या एमएस-५०जी वर एक फूटस्विच आहे, जी१ फोरवर दोन. दोन स्विच म्हणजे पॅच एक पुढे आणि एक मागे. गाण्यात कडव्याला स्वच्छ आवाज, ध्रुवपदाला डिस्टॉर्शन आणि मध्ये डीलेचा सोलो असेल तर तिसऱ्यावरून पहिल्यावर येताना मधला पॅच एक क्षण वाजतोच, आणि ते सगळ्यांना ऐकू येतं.

यावर इलाज आहे, आणि तो फुकट आहे. पॅचच्या जागा भरपूर असतात. म्हणून पॅच आवाजाच्या प्रकाराप्रमाणे न लावता गाण्याच्या क्रमाने लावा. स्वच्छ, डिस्टॉर्शन, स्वच्छ, डिस्टॉर्शन, सोलो, स्वच्छ. त्याच पॅचच्या प्रती ओळीने ठेवल्या की संपूर्ण गाण्यात उजव्या स्विचवर फक्त पुढे पुढे जायचं. फक्त एक पथ्य पाळा: स्वच्छ आवाजात काही बदल केला तर तो सगळ्या प्रतींमध्ये करावा लागतो, म्हणून आवाज पक्का झाल्यावरच प्रती काढा.

पॅच बदलताना मध्ये पडणारी फटही तपासा. लांब डीले किंवा मोठा रिव्हर्ब असलेल्या पॅचवर एक कॉर्ड वाजवून लगेच पुढच्या पॅचवर जा. काही पेडलमध्ये जुन्या आवाजाचं शेपूट विरत जातं, काहींमध्ये ते कात्रीने कापल्यासारखं तुटतं, आणि काहींमध्ये नवा आवाज सुरू व्हायला कानाला कळेल इतका वेळ जातो. स्वस्त पेडलमध्ये प्रोसेसरला जुना पॅच टाकून नवा भरावा लागतो, म्हणून हे होतं. फट मोठी असेल तर पॅच न बदलता एकाच पॅचमध्ये एक-एक इफेक्ट चालू-बंद करायचा. तशी सोय पेडलमध्ये आहे का, आणि तिथपर्यंत पोचायला किती वेळा वाकावं लागतं, ते करून बघा.

वा-वा किंवा व्हॉल्यूमसाठी पायाखालचं एक्स्प्रेशन पेडल लागणार असेल तर ते जोडलेलंच घ्या. जी१ एक्स फोर, बी१ एक्स फोर आणि जीटी-१ ला ते आहे. नंतर वेगळं घेऊन जोडायचं म्हटलं तर आधी मूळ पेडलला त्यासाठी जॅक हवा, आणि एक्स्प्रेशन पेडलच्या प्लगची आतली जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. टिप आणि रिंग, म्हणजे प्लगचं टोक आणि त्यामागची कडी, उलटे असले की पेडल पूर्ण दाबूनही आवाज अर्धाच उघडतो किंवा शेवटच्या थोड्या चालीत सगळा बदल होतो. जोडलेल्या पेडलमध्ये असं झालं तर बिघाड समजू नका. आधी मेनूत जाऊन कॅलिब्रेशन करा.

एका वेळी किती मावतं

कागदावर तुमची सगळ्यात लांब साखळी लिहा. उदाहरणार्थ नॉइज गेट (न वाजवताना येणारा गोंगाट बंद करणारा), कॉम्प्रेसर (जोरातला आवाज दाबून पातळी सारखी करणारा), ड्राइव्ह, ॲम्प, कॅबिनेट, डीले, रिव्हर्ब. झाले सात. जी१ फोरमध्ये एका वेळी पाच इफेक्ट चालतात, एमएस-५०जी मध्ये सहा. लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प आकाराने छोटा असला तरी किमतीने वरच्या वर्गातला. त्यात आधी सहा ब्लॉक होते, नंतरच्या फर्मवेअरने, म्हणजे पेडलमधल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, आठ झाले. पण खऱ्या ॲम्पवर वाजवणार असाल तर वरच्या यादीतले ॲम्प आणि कॅबिनेट गळतात आणि पाच पुरतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी हवं ते यासाठीही.

संख्या पुरली तरी प्रोसेसरची ताकद संपू शकते. मोठे रिव्हर्ब, ॲम्प मॉडेल आणि एकाच वेळी अनेक स्वर ओळखणारे पिच शिफ्टर जड असतात. झूमच्या काही पेडलवर अशा वेळी ‘प्रोसेस ओव्हरफ्लो’ असं दिसतं आणि तो इफेक्ट गप्प बसतो. जड रिव्हर्बच्या जागी साधा रूम किंवा स्प्रिंग घेतला की बहुतेक वेळा बाकीचं सगळं मावतं.

क्रमाबद्दल थोडक्यात: वा आणि कॉम्प्रेसर ड्राइव्हच्या आधी, डीले-रिव्हर्ब ड्राइव्हच्या नंतर. रिव्हर्बनंतर डिस्टॉर्शन आलं की विरत जाणारं शेपूटही मूळ स्वराइतकंच मोठं होतं आणि सगळा चिखल होतो. क्रम हलवता येत नाही असं पेडल शक्यतो टाळा.

बाससाठी

बास वाजवणाऱ्यांना ‘गिटारचंच घ्या, चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं. चालतं, पण अर्धंच. बासची ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बासची बी तार ३१ हर्ट्झची. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची. गिटारसाठी बनवलेले ड्राइव्ह आणि कॅबिनेट ८०-१०० हर्ट्झच्या खालचं मुद्दाम कापतात, कारण गिटारमध्ये तिथे नुसती घरघर असते. बासचा पायाच तिथे. म्हणून एकट्याने वाजवताना दमदार वाटणारा फझ (जाड डिस्टॉर्शन) बँडमध्ये ड्रमच्या शेजारी गेल्यावर गायब होतो.

बासच्या ड्राइव्हमध्ये मूळ स्वच्छ आवाज मिसळायची कळ, म्हणजे ब्लेंड किंवा मिक्स, हवीच. ३० ते ४० टक्के ड्राइव्ह आणि बाकी स्वच्छ, इथून सुरुवात करा. झूमचं बी१ फोर आणि बॉसचं जीटी-१बी ही बासची पेडलं. बाहेरून ती गिटारच्या भावंडांसारखीच दिसतात, आत इफेक्ट वेगळे असतात. खरेदी करताना नावातला एक अक्षराचा फरक नजरेतून सुटू देऊ नका.

कॉम्प्रेसर हा बासचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा इफेक्ट, आणि नेमका स्वस्त पेडलमध्ये तो कधीकधी एका कळीचा असतो. अटॅक (दाबणं सुरू व्हायला लागणारा वेळ) आणि रेशो (किती दाबायचं) वेगळे देणारा असेल तर ४:१ रेशो आणि २० ते ४० मिलिसेकंद अटॅक ठेवा, जोरात वाजवल्यावर ४ ते ६ डेसिबलने आवाज दाबला जाईल इतका थ्रेशोल्ड (दाबणं जिथून सुरू होतं ती पातळी). अटॅक याहून फार कमी केला तर बोटाचा ठोका मारला जातो आणि बास मागे सरकल्यासारखा वाटतो.

ऑक्टेव्हर, म्हणजे एक सप्तक खालचा स्वर जोडणारा इफेक्ट, खालच्या स्वरांवर अडखळतो. खाली लहर लांब असल्याने स्वर ओळखायला जास्त वेळ लागतो. शिवाय उघड्या ई तारेचं एक सप्तक खाली म्हणजे २०.६ हर्ट्झ, जे स्पीकरला झेपत नाही आणि कानाला जेमतेम कळतं. ए तारेच्या पाचव्या फ्रेटपासून वर वाजवा. तिथला डी ७३ हर्ट्झचा, त्याचं खालचं सप्तक ३७ हर्ट्झ, तिथून पुढे तो स्वच्छ बोलतो. पेडल तपासताना तिथेच तपासा.

ॲक्टिव्ह बास (आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेला) असेल तर सगळे इफेक्ट बंद करून जोरात स्लॅप मारून बघा. तरीही आवाज फाटत असेल तर पेडलचं इनपुटच भरून जातंय. डिजिटल इनपुटचं फाटणं फार कर्कश असतं, ते पुढे कुठल्याही इफेक्टने सुधारत नाही. बासवरचा व्हॉल्यूम थोडा कमी करा किंवा मेनूत इनपुट लेव्हल मिळते का पाहा.

वीज

घर्र आवाज, स्क्रीन लुकलुकणं, मध्येच पेडल पुन्हा सुरू होणं: नव्या पेडलच्या तक्रारींत अडॅप्टरचा वाटा फार मोठा. बहुतेक पेडल ९ व्होल्ट आणि ‘सेंटर निगेटिव्ह’, म्हणजे पिनच्या मधल्या भागाला ऋण, अशी असतात. घरातल्या इतर वस्तूंचे अडॅप्टर बहुधा उलटे, मध्ये धन. प्लग बसतो म्हणून लावू नका. अडॅप्टरवर गोल-अर्धगोलाचं चिन्ह असतं ते पेडलवरच्या चिन्हाशी जुळवा. व्होल्ट तंतोतंत हवेत. मिलिअँपिअर मात्र पेडलला लागतात तितके किंवा जास्त चालतात, कमी नाही. जी१ फोरचा अडॅप्टर ५०० मिलिअँपिअरचा आहे. साध्या, एकाच इफेक्टच्या स्टॉम्पबॉक्सला पुरणारी १०० मिलिअँपिअरची तार तिथे अपुरी पडते.

एकाच अडॅप्टरवरून फांद्या काढून डिजिटल पेडलबरोबर ॲनालॉग फझ किंवा ओव्हरड्राइव्ह चालवला की बारीक शिट्टी ऐकू येते. प्रोसेसरच्या घड्याळाचा गोंगाट सामाईक तारेतून ॲनालॉग पेडलमध्ये शिरतो आणि तिथे मोठा होतो. त्याला नॉइज गेट हा इलाज नाही. वेगळा अडॅप्टर किंवा प्रत्येक फांदी अलग असलेला वीजपुरवठा हवा.

बॅटरीवर चालणं ही छोट्या पेडलची खरी चैन. जी१ फोर आणि जीटी-१ चार एए सेलवर चालतात, एमएस-५०जी दोनवर. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे आणि अल्कलाइन १.५ चे, मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर निवडा, नाहीतर भरलेले सेलही संपत आल्याचं दिसतं.

लूपर आणि यूएसबी

लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारी सोय) आहे इतकंच पाहू नका, किती सेकंदांचा आहे ते पाहा. बारा बारचा ब्लूज, चार ठोक्यांचा बार, लय मिनिटाला ९० ठोके: ४८ ठोके म्हणजे ३२ सेकंद. जी१ फोरचा लूपर ३० सेकंदांचा, म्हणजे शेवटचा बार पुरा होण्याआधीच तो संपतो. लय १०० केली तर २८.८ सेकंद, मावतो. तुमच्या नेहमीच्या गाण्याचा हिशोब याच पद्धतीने आधी करा.

यूएसबीचं छिद्र दिसलं म्हणजे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग होईल असं नाही. जीटी-१ ऑडिओ इंटरफेस म्हणून चालतं. जी१ फोरचं यूएसबी पॅच आणि फर्मवेअरसाठी आहे. कॉम्प्युटरला पेडल दिसतच नसेल तर आधी केबल बदला, फोनबरोबर आलेल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. फर्मवेअर चढत असताना वीज जाऊ देऊ नका आणि सेलवर तर ते करूच नका.

तपासणी

दुकानात आपलीच गिटार आणि आपलाच हेडफोन न्या. कंपनीचे तयार पॅच ऐकू नका. ते भपकेबाज रिव्हर्ब-डीलेने भरलेले असतात आणि त्यांत कमतरता लपते. रिकामा पॅच घ्या, सगळं बंद, आणि स्वच्छ गिटार ऐका. वरचा भाग मंद वाटला तर इनपुट कमकुवत आहे. साध्या पिकअपला साधारण १ मेगाओहम इनपुट इम्पीडन्स लागतं. मग एकच ओव्हरड्राइव्ह मध्यम गेनवर लावा आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ३ पर्यंत हळूहळू आणा. चांगल्या मॉडेलमध्ये आवाज पायरीपायरीने स्वच्छ होतो, कच्च्यामध्ये तो नुसता लहान होतो. माझ्या मते ही एक चाचणी पेडलच्या आवाजाबद्दल सगळ्यात जास्त सांगते. शेवटी एक स्वर वाजवून पूर्ण विरेपर्यंत थांबा: शेवटी खरखर होते का, की गेट तो मध्येच कापतो?

पॅच बनवताना आवाजाची पातळी महत्त्वाची. कमी आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून रात्री हेडफोनवर आपण बास-ट्रेबल वाढवतो आणि तोच पॅच स्टेजवर गुरगुरणारा आणि टोचरा लागतो. गिटार जिथे बँडमध्ये ऐकू येते तो मधला भाग मात्र रिकामा. अंतिम सेटिंग तालमीच्या आवाजातच करा. स्वच्छ आणि डिस्टॉर्शनचे पॅच एकामागून एक वाजवून कानाने समान करा, सोलोचा त्यांच्यापेक्षा ३ ते ५ डेसिबल वर ठेवा.

जुनं घेत असाल तर आवाजाच्या आधी यंत्र तपासा. प्रत्येक जॅकमध्ये प्लग घालून हलक्या हाताने हलवा, आवाज तुटता कामा नये. कळी हळू फिरवा. आकडा पुढे जाता जाता मागे उडी मारत असेल तर कळीखालचा एन्कोडर झिजलाय. फूटस्विच वीस-पंचवीस वेळा दाबा, एका दाबात दोन पॅच पुढे जात असतील तर तो गेलाय. एक्स्प्रेशन पेडल कॅलिब्रेट करून शेवटपर्यंत नेऊन बघा. सेल घालण्याच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर आहे का पाहा. मग फॅक्टरी रीसेट करून एक पॅच सेव्ह करा, पेडल बंद करून पुन्हा चालू करा. तो पॅच जागेवर असेल तरच पैसे द्या.